उत्तर नेमकं कुठे चुकलं?

तिसरीतल्या एका मुलानं पाटीवर ५२ मधून ३७ वजा केले आणि उत्तर लिहिलं २५. बरोबर उत्तर १५. घाईत असलेला शिक्षक त्यावर फुली मारून पुढच्या पाटीकडे वळेल, आणि मुलाला एवढंच कळेल की आपलं चुकलं. पण ते उत्तर जरा थांबून पाहिलं तर लक्षात येतं की ते अंदाजपंचे लिहिलेलं नाही. दोनातून सात जात नाहीत, हे त्या मुलाला बरोबर दिसलं होतं. म्हणून त्यानं सातातून दोन काढले, पाच उरले. मग पाचातून तीन काढले, दोन उरले. त्याचा नियम पक्का आहे: वरचा असो की खालचा, दर घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. हाच नियम ८६ मधून ४२ वजा करताना अचूक ४४ उत्तर देतो. दशक सुटा करावा लागत नाही अशी ढीगभर गणितं त्यानं याच नियमानं सोडवली आणि शाबासकी मिळवली. त्यामुळे आज फुली का मिळाली, हे त्याला उमगत नाही.

शिकवण्यासाठी वापरलेल्या प्रत्येक यंत्राकडे मी या पाटीवरून पाहतो. रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक, टॅब, मोबाइल, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. मुलाचं उत्तर चुकल्यावर हे यंत्र काय करतं, एवढं विचारलं की बरंच काही स्पष्ट होतं.

नोव्हेंबर १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या शाळेत पालक म्हणून गेले होते. गणिताचा तास सुरू होता. काही मुलांची उदाहरणं केव्हाच सोडवून झाली होती आणि ती चुळबुळ करत होती. काही मुलं पहिल्याच उदाहरणावर अडली होती. शिवाय आपलं बरोबर आलं की चूक, हे कळायला सगळ्यांनाच दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागणार होतं. स्किनर यांनी लगेच एक खोका तयार केला. त्यात प्रश्नाची पट्टी सरकायची, मुलानं उत्तर द्यायचं, आणि ते बरोबर असेल तरच यंत्र पुढे जायचं. ओहायोमध्ये सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकातच असं एक यंत्र बनवलं होतं, पण गाजलं ते स्किनर यांचं. ज्याला त्याला आपापल्या गतीनं जाऊ देणं आणि निकाल तिथल्या तिथे सांगणं, या दोन गोष्टी त्यांनी यंत्राकडून करून घेतल्या आणि त्या आजही मोलाच्या आहेत. मात्र पाटीवरच्या त्या २५ला स्किनर यांचं यंत्रही फुलीच देणार. फुली लवकर मिळेल, इतकंच.

पुढचं पाऊल पडलं १९७८ मध्ये, आणि माझ्या मते शिक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची खरी सुरुवात तिथे शोधायला हवी. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी वजाबाकीतल्या चुकांचा पाठलाग केला. त्यांच्यासमोर निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशातल्या १,३०० हून जास्त शाळकरी मुलांनी सोडवलेली उदाहरणं होती. ती तपासताना दिसलं की बरीच मुलं एखादा चुकीचा नियम अगदी इमानेइतबारे पाळतात. 'मोठ्यातून लहान' हा त्यातला एक नियम. दुसरा असा की वर शून्य असेल तर खालचा अंक तसाच उतरवायचा, म्हणजे ४० वजा १६ बरोबर ३६. तिसरा नियम शेजारच्या घरात शून्य असेल तर त्याला ओलांडून पलीकडच्या घरातून उसनं घेण्याचा. असे डझनावारी नियम त्यांनी नोंदले, आणि संगणकाला ते ओळखायला शिकवलं. 'बगी' नावाचा एक खेळही त्यांनी केला. त्यात संगणक चुकणारा विद्यार्थी व्हायचा आणि शिक्षकानं त्याला निरनिराळी उदाहरणं घालून त्याचा चुकीचा नियम ओळखायचा. भावी शिक्षकांना यातून एक गोष्ट शिकता यायची: मुलाच्या मनात काय चाललंय हे कळण्यासाठी कोणतं उदाहरण घालावं. ८६ वजा ४२ घालून काहीच कळत नाही. ५२ वजा ३७ घातलं की सगळं उघड होतं.

चुकांची ही यादी जगभर सारखी आहे, असं मात्र समजू नये. मराठी मुलाच्या काही चुका फक्त मराठी मुलाच्याच असतात. शिक्षक तोंडी सांगतात, 'सदतीस लिहा.' कानावर आधी सात येतो, मग तीस, आणि पाटीवर ७३ उमटतात. 'एकोणपन्नास' म्हटलं की पन्नास ऐकू येतात म्हणून मूल ५९ लिहितं. ही चूक गणिताची नाही, संख्या ऐकण्याची आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. तेव्हा गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. या बदलावरून महाराष्ट्रभर वाद झाला, विधानसभेतही विषय निघाला. त्या उपायाबद्दल कुणाचं काहीही मत असो, अडचण खरी होती आणि आजही आहे. परदेशात इंग्रजी मुलांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर नुसतं मराठीत भाषांतर करून आपल्या शाळेत आणलं, तर त्याच्या चुकांच्या यादीत ७३ साठी जागाच नसते. मराठी मुलांच्या वह्यांमधल्या चुका मराठी शिक्षकांनीच गोळा करायला हव्यात. असं काम करणारे शिक्षक आहेत, पण त्यांच्या वह्या त्यांच्याच कपाटात राहतात.

महाराष्ट्रात शाळांमध्ये तंत्रज्ञान आलं ते वेगळ्या वाटेनं, आणि त्यामागची तळमळ अस्सल होती. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल झाली, ते बघायला शिक्षक दुरून येऊ लागले. मग गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, भिंती रंगल्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइल पानावर धरला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच हे कोड छापले गेले, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. त्याच वर्षी शाळा बंद पडल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. ज्या घरात मोबाइल नव्हता पण टीव्ही होता, तिथे ती पोचली. हे सगळं काम पोचवण्याचं होतं, आणि पोचवणं फार मोठी गोष्ट आहे. फक्त त्यात मूल ऐकतं आणि पडदा सांगतो. मुलानं २५ लिहिले की १५, हे पडद्याला कळण्याची सोय नाही.

ही सोय केली तर काय होतं, याची भारतातली सगळ्यात नीट झालेली पाहणी दिल्लीतली आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन या अर्थतज्ज्ञांनी ती केली. गरीब वस्त्यांमध्ये शाळेनंतर चालणारी तीन केंद्रं होती आणि तिथे 'माइंडस्पार्क' हे अहमदाबादच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरलं जायचं. सरकारी शाळांतल्या ६१९ मुलांची नावं घेऊन सोडत काढली. निम्म्या मुलांना केंद्रात मोफत प्रवेश मिळाला, उरलेल्यांना नाही, म्हणजे तुलना सरळ होती. मुलं संगणकावर बसली की आधी चाचणी व्हायची. सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचं त्यातून दिसलं, आणि एकाच वर्गातल्या मुलांमध्ये कित्येक इयत्तांचं अंतर होतं. सॉफ्टवेअर प्रत्येकाला तो जिथे होता तिथून पुढे न्यायचं. चुकीचं उत्तर आलं की ती चूक कशामुळे झाली असावी हे पाहून पुढचा प्रश्न द्यायचं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत, दोन्हींत, सोडत न लागलेल्या मुलांपेक्षा या मुलांची प्रगती ठळकपणे जास्त झाली. वर्गात जे सगळ्यात मागे होते त्यांच्यासाठी हा फरक सर्वांत अर्थपूर्ण होता, कारण शाळेत राहून त्यांची प्रगती जवळपास होतच नव्हती.

या पाहणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत या मुलांच्या गुणांत तसा फरक दिसला नाही. कारण उघड आहे. सहावीतलं मूल तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलं, पण परीक्षा सहावीची. त्या प्रश्नपत्रिकेला ही प्रगती दिसणारच नाही. मुलानं खरोखर मोठी मजल मारलेली असते आणि प्रगतिपुस्तक कोरंच राहतं. शाळांना नवं तंत्रज्ञान देताना परीक्षा तीच ठेवली, तर तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघेल आणि तो चुकीचा असेल.

आणि मूल जिथे आहे तिथून त्याला पुढे नेण्याचं हे काम संगणक नसतानाही होऊ शकतं, हे इथे सांगायला हवं. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं मुलांना इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार बसवायची पद्धत रुजवली. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. एका मुलाची पातळी पाच-दहा मिनिटांत, एका कागदावर तपासून होते. पातळीनुसार गट करून रोज तास-दोन तास काम केलं की मुलं वाचायला लागतात, हे अनेक राज्यांत दिसलं आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना अध्ययनस्तर निश्चिती हा प्रकार नवा नाही. दिल्लीतल्या सॉफ्टवेअरनं जे केलं त्याच्या मुळाशीही तेच आहे: मूल कुठे आहे ते आधी पाहायचं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि विचाराल त्याचं उत्तर यंत्र देऊ लागलं, तेही मराठीत. मुलांच्या हातात हे आधीच पोचलंय. शाळेची परवानगी त्यांनी मागितलेली नाही. तेव्हा याचा शिकण्यावर काय परिणाम होतो, हे मोजणं आलं. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे १,००० विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग मला प्रत्येक पालकाला सांगावासा वाटतो. गणिताचा सराव करताना एका गटाला फक्त पुस्तक-वही दिली. दुसऱ्याला साधं, नेहमीसारखं चॅटजीपीटी दिलं. तिसऱ्याला त्याचं सुधारलेलं रूप दिलं. सरावात दुसऱ्या गटानं पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली, तिसऱ्यानं तर १२७ टक्के. मग सगळ्यांकडून यंत्र काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. साधं चॅटजीपीटी वापरलेला गट पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. त्यांनी सरावाच्या वेळी उत्तरं मागून घेतली होती. आणि आपण कमी शिकलोय याची त्यांना कल्पनाही नव्हती.

तिसऱ्या गटाचं मात्र तसं नुकसान झालं नाही. त्यांच्या यंत्राला शिक्षकांनी आधी पढवून ठेवलं होतं. थेट उत्तर द्यायचं नाही, टप्प्याटप्प्यानं इशारा द्यायचा. आणि या उदाहरणात मुलं सहसा कुठे चुकतात, त्या चुकीला काय म्हणायचं, हे शिक्षकांनी लिहून दिलं होतं. यंत्र दोन्ही गटांकडे एकच होतं. वर्षानुवर्षं फळ्यापाशी उभं राहून शिक्षकांना मुलांच्या चुकांची जी ओळख झालेली असते, ती एका गटाच्या यंत्रात होती आणि दुसऱ्याच्या नव्हती.

घरी लिहून आणलेल्या निबंधाचं काय, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत हटकून निघतो. त्यावर फार शाई खर्च करावी असं मला वाटत नाही. गाईड, निबंधाची पुस्तकं आणि '२१ अपेक्षित' यांच्या जमान्यातही 'माझा आवडता ऋतू' कुणाचा तरी उतरवलेलाच असायचा. यंत्रानं लिहिलेला मजकूर ओळखणारी यंत्रं मिळतात, पण चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच आपलं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांवर ही साधनं सर्रास संशय घेतात, हेही अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या मुलांवर असल्या साधनाच्या भरवशावर चोरीचा आळ घेणं अन्यायाचं आहे. वर्गात समोर बसवून दहा ओळी लिहायला लावाव्यात आणि त्यावर दोन प्रश्न विचारावेत.

वाचनाचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. गूगलनं २०१९ मध्ये 'बोलो' नावाचं ॲप आणलं आणि त्याच वर्षी त्यात मराठी आली. मूल मोठ्यानं वाचतं, मोबाइल ऐकतो, अडलेला शब्द म्हणून दाखवतो. घरात वाचता येणारं कुणी नसेल तर ही मोठीच मदत आहे. पण मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं तेव्हा काय? महाराष्ट्राच्या कितीतरी भागांत घरोघरी तसंच बोलतात. त्या मुलानं शब्द ओळखला, अर्थ त्याला कळला, म्हणजे वाचन बरोबर आहे. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्या मुलाच्या मराठीला त्याच्या भाषेचा हेल असणारच. चांगला शिक्षक कानावर आलेलं उच्चारात चुकलं की वाचण्यात, हे लगेच वेगळं करतो. यंत्राला हा भेद शिकवायचा तर त्या भागातल्या मुलांचे आवाज हवेत, आणि लहान मुलांचं बोलणं ओळखणं यंत्रांना मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा मुळातच जड जातं. प्रमाण मराठीतल्या मोठ्या माणसांच्या आवाजावर तयार झालेलं यंत्र पहिलीतल्या कोरकू मुलीला दिवसभर 'पुन्हा वाच' म्हणत राहिलं, तर ती वाचायचं सोडून देईल.

या नव्या यंत्रांचा मला आज सर्वांत खात्रीचा उपयोग दिसतो तो शिक्षकांसाठी. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि सतत मागवली जाणारी ऑनलाइन माहिती. अशा बाईंनी रात्री यंत्राला सांगितलं की माझ्या वर्गात चार मुलं मोठ्यातून लहान काढतात, दोघं शून्याशी अडतात. चौघांसाठी दशक सुटा करायची आठ उदाहरणं दे, दोघांसाठी वर शून्य असलेली सहा दे, आणि सगळ्यात गावच्या बाजारातल्या वस्तू येऊ देत. पाच मिनिटांत दोन वेगळे कागद तयार होतात. पूर्वी याला तास लागायचा, आणि तो तास बाईंकडे नसायचा. उत्तरं मात्र त्यांनी स्वतः तपासायला हवीत. ही यंत्रं सोप्या हिशेबातही चुकतात, आणि चुकताना त्यांचा सूर तितकाच ठाम असतो.

चुका ओळखणारं यंत्र चुका साठवतंही. कोणतं मूल कशावर अडलं, किती वेळ थांबलं, कितव्या वेळी उत्तर जमलं, हे सगळं कुठल्या तरी कंपनीच्या संगणकात लिहिलं जातं. शिक्षकाच्या डोक्यातली चुकांची आठवण पुढच्या जूनपर्यंत पुसट होते आणि मुलाला नव्यानं सुरुवात करता येते. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक केली आहे. पण शाळेनं दिलेलं ॲप नाकारायची हिंमत किती पालक करतील? तेव्हा ही जबाबदारी ॲप निवडणाऱ्यांची आहे. वर्ष संपल्यावर ही नोंद कोण पुसणार आणि कधी, हे खरेदीच्या करारातच लिहिलेलं असलं पाहिजे.

दिल्लीच्या त्या केंद्रांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मुलं तिथे रोज ९० मिनिटं असायची. त्यातली ४५ मिनिटं संगणकासमोर जायची. उरलेली ४५ मिनिटं एक शिकवणारी व्यक्ती लहानशा गटाला घेऊन बसायची. जो परिणाम मोजला गेला तो या दोन्हींचा मिळून होता. संगणक किंवा टॅब विकत घेण्याचा ठराव जिल्हा परिषदेच्या एका बैठकीत मंजूर होतो, फोटो निघतात, उद्घाटन होतं. दुसऱ्या ४५ मिनिटांसाठी माणूस नेमायचा तर दर महिन्याला पगार द्यावा लागतो, आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही. पुढच्या वेळी शाळांसाठी हजारो टॅबची निविदा निघेल, तेव्हा त्या माणसाच्या पगाराची तरतूद त्याच कागदावर आहे की नाही, हे गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीनं विचारायला हवं.